जोडीदारणीचं रक्त

आमच्या वर्गात रबराचा एक हात होता. कोपरापासून बोटांपर्यंत, गव्हाळ रंगाचा, आतून लाल पाण्याच्या नळ्या फिरवलेला. आमच्या आधीच्या तुकड्यांनी त्याला इतकं टोचलेलं होतं की सुई कुठंही घातली तरी लाल पाणी यायचंच. लॅब टेक्निशियनच्या कोर्सचे पहिले पंधरा दिवस आम्ही त्याच हातावर काढले. पट्टा बांधायचा, बोटानं शीर चाचपायची, स्पिरिटचा बोळा फिरवायचा, सुई तिरकी धरून आत घालायची. मला वाटायला लागलं, आलं आपल्याला.

मग एका सोमवारी सरांनी तो हात उचलला आणि कपाटात ठेवून दिला.

"रबराला दुखत नाही," ते म्हणाले, "म्हणून ते एका हद्दीपुढं शिकवत नाही. उद्यापासून एकमेकांचे हात. कुणाला नको असेल तर आत्ता सांगा, जबरदस्ती नाही. पण एक ध्यानात ठेवा. दवाखान्यात जो माणूस तुमच्यापुढं हात करील ना, त्याला 'नको' म्हणायची सोय नसते."

कुणीच नको म्हटलं नाही. म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण बाजूची मुलगी हसली आणि माझं राहून गेलं.

ती बाजूची मुलगी म्हणजे माझी जोडीदारीण. हजेरीपटात आमची नावं मागंपुढं, म्हणून जोडी पडली. मी मुदखेडच्या पलीकडच्या एका खेड्यातली. घरी केळीचं शेत. ती देगलूरची. तिचे अब्बा शाळेचे गणवेश शिवायचे, आणि त्यांच्या आधी त्यांचे अब्बाही त्याच दुकानात त्याच मशीनवर बसायचे. माझ्याशी मराठी बोलायची, फोनवर घरच्यांशी दखनी उर्दू, आणि नळ्या मोजायची ते तेलुगूत. ओकटि, रेंडु, मूडु. कामून असं, विचारलं तर म्हणायची, "बाजारात गिऱ्हाईक तेलुगू बोलतंय. मोजायचं तेवढं त्यांच्याकडून शिकले."

नांदेडला आम्ही दोघी एकाच खोलीत राहात होतो. एक मोठी खिडकी, दोन पलंग, एक पंखा. तरी तोवर तिला मी कधी हात लावला नव्हता. एका खोलीत राहणं वेगळं आणि कुणाच्या कातडीखाली सुई घालणं वेगळं.

मंगळवारी तिनं बाही वर सारली आणि टेबलावर हात ठेवला. बारीक हात. कोपराच्या आत निळसर रेघ. मी पट्टा बांधला, बोट ठेवलं. शीर बोटाखाली जरा दबली आणि परत वर आली. रबराची नळी अशी वर येत नाही. मी बोट काढलं, परत ठेवलं. आतून कुणीतरी बोटाला उत्तर देऊन राहिलंय असं वाटलं.

"टोच की," ती म्हणाली. "शुभमुहूर्त बघून राहिलीस का?"

पहिल्या खेपेला सुई शिरेच्या बाजूनं गेली. तिनं डोळे मिटले, पण हात तसाच ठेवला. दुसऱ्या खेपेलाही काही आलं नाही.  सर मागं उभे होते.

"हे बघ," ती हळूच म्हणाली. "अब्बा म्हंतात, सुईच्या टोकाकडं बघायचं न्हाई. टाका जिथं पडायचा हाय तिथं बघायचं. हात आपोआप जातो."

तिसऱ्यांदा मी सुईकडं पाहिलंच नाही. त्या निळ्या रेघेकडं पाहिलं. हाताला अगदी थोडं, पडदा बाजूला व्हावा तसं काहीतरी जाणवलं आणि सिरिंजच्या तोंडाशी लाल उमटलं. मी दट्ट्या ओढला. ते येतच राहिलं. गडद, शांत, घाई नसलेलं.

नळीत भरून मी ती नळी हातात धरली, आणि सगळ्यात मोठं नवल मला तेव्हा वाटलं. नळी गरम होती. किती साधी गोष्ट! माणूस गरम, तर त्याचं रक्तही गरमच असणार. पण पुस्तकात ते कुठं लिहिलेलं नव्हतं. माझ्या मुठीत काचेच्या आत तिचा उबारा होता, आणि ती समोर बसून कापूस दाबत मला म्हणत होती, "तोंड मिट, माशी जाईल."

माझी पाळी आली तेव्हा तिला एका टोच्यातच जमलं. शिंप्याची पोर ती.

महिनाभर आमचे हात निळेजांभळे होते. मी सुट्टीत गावी गेले तर बापानं माझा हात उन्हात धरून पाहिला आणि विचारलं, "कोन मारलं?" मी सांगितलं, वर्गातल्या पोरींनी टोचलं, मी बी त्यांना टोचते, तसंच शिकवतात. त्याला काही ते पटलं नाही. आईला म्हणाला, "पैले त्यांचं रक्त सांडायचं, मंग आपलं. अशी कोनती शाळा असती?" पण निघताना केळीच्या फण्या दोन जास्त दिल्या. एक जोडीदारणीसाठी.

रक्तगट काढायचं प्रॅक्टिकल त्यानंतर आलं. ते समजायला सोपं आहे, म्हणून सांगते. माणसाच्या रक्ताचे दोन थेंब घ्यायचे. एकात निळं औषध टाकायचं, दुसऱ्यात पिवळं. निळ्यात रक्ताचे दाणे झाले, म्हणजे दूध नासल्यासारखं फाटलं, तर गट ए. पिवळ्यात फाटलं तर बी. दोन्हीत फाटलं तर एबी. कशातच नाही तर ओ. माझा निघाला ओ, तोही निगेटिव्ह. तिचाही ओ. तिनं माझ्या पाठीत थाप मारली. "चला, उद्या मला काय झालं तर तू हायेस."

मला त्या गोष्टीचा अभिमानच वाटला होता. ओ निगेटिव्ह रक्त अडीनडीला कुणालाही देता येतं असं सरांनी सांगितलं होतं. शेतकऱ्याच्या पोरीजवळ कुणालाही देता येईल असं दुसरं काय असतं?

पुढच्या आठवड्यात उलटी तपासणी होती. आता रक्तातले लाल कण बाजूला काढायचे आणि वर उरलेलं पिवळसर पाणी, सीरम, ते घ्यायचं. त्यात माहीत असलेल्या गटाचे कण टाकायचे आणि काय होतं ते बघायचं. ए गटाचे कण एका मुलाचे घेतले होते, बी गटाचे एका मुलीचे, आणि ओ गटाचे माझे. ओ गटाचे कण कुणाच्याच सीरममध्ये फाटत नाहीत. ती नळी नुसती खात्रीसाठी असते. बाकी सगळं बरोबर चाललंय हे कळायला.

सगळ्या वर्गात माझ्या कणांच्या नळ्या गुळगुळीत राहिल्या. तिच्या सीरममध्ये ते फाटले.

ती नळी तिरकी करून बघत राहिली. तळाशी लाल गोळी बसली होती, हलवली तरी सुटेना. सर आले, पाहिलं आणि म्हणाले, "नळी नीट धुतली नाहीस. परत कर."

तिनं परत केलं. परत तेच. सर म्हणाले, सीरमची अदलाबदल झाली असणार. मग मीच तिचं ताजं रक्त काढलं, चिठ्ठी डकवली आणि सरांसमोर सगळं केलं. माझे कण पुन्हा फाटले. सरांनी स्वतःचे कण घेतले. त्यांचाही गट ओ. तेही फाटले. मग त्यांनी तिचेच कण तिच्याच सीरममध्ये टाकले. ते तेवढे गुळगुळीत राहिले.

सर स्टुलावर बसले. त्यांनी चष्मा काढला. पन्नाशी उलटलेला माणूस, आयुष्य रक्तपेढीत गेलेलं, वर्गात फारसा न हसणारा. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहिलेलं माणूस बघतं तसं ते तिच्याकडं बघायला लागले.

"बेटा, तुला कधी रक्त चढवलंय का?"

"न्हाई सर."

"घरात कुणाला?"

"न्हाई. काय झालं सर?"

"थांब. घाबरू नको. मी वीस-बावीस वर्षांत एकदाच पाहिलंय हे."

त्यांनी नमुना मोठ्या रक्तपेढीकडं पाठवला. तीन दिवसांनी कागद आला आणि सरांनी आम्हा दोघींना बसवून सांगितलं. त्या गटाला बॉम्बे म्हणतात, पहिल्यांदा मुंबईत सापडला म्हणून.

"मी तर मुंबई बघितली बी न्हाई," ती म्हणाली.

"असं समज," सर म्हणाले, "ए आणि बी हे घरावरचे मजले. कुणाचा एक मजला, कुणाचा दुसरा, कुणाचे दोन्ही. ओ म्हणजे वर काहीच नाही, नुसतं जोतं. पण जोतं सगळ्यांना असतं. तुझ्या रक्ताला जोतंच नाही. म्हणून ज्याला ज्याला जोतं आहे, त्याचं रक्त तुझ्या अंगाला परकं लागतं. म्हणजे जवळजवळ सगळ्या जगाचं."

 मग तिनं विचारलं, "मंग मी उभी कशावर हाय सर?"

 सरांनी फक्त मान हलवली, आणि त्या मान हलवण्यात मला तरी नवलच दिसलं, काळजी नंतर दिसली.

आम्ही रिक्षानं खोलीवर परत येत होतो तेव्हा माझ्या डोक्यात ते हळूहळू उतरलं. वजिराबादच्या गर्दीत रिक्षा थांबली होती. बाजूनं माणसं चालली होती, फळवाले, पगडीवाले, शाळेची पोरं, बुरखेवाल्या, धोतरवाले. मी त्यातल्या कुणालाही रक्त देऊ शकत होते. न विचारता, न ओळखता. आणि या सगळ्यांत जी एकटी माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती, तिला माझा एक थेंब चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे मारला असता. मी तिच्याकडं पाहिलं. ती चिप्स खाऊन राहिली होती. पाकीट माझ्यापुढं केलं. "घे. हे चालतंय तुला."

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गाला सांगितलं की इथून पुढं हिच्या हातावर कुणी सराव करायचा नाही. ती जागेवर उभी राहिली.

"मला टोचायचं न्हाई, तर मी बी कुणाला टोचणार न्हाई सर."

"तुझं रक्त वाया घालवायचं नाही, बेटा."

"वाया कामून? ही माझ्यावर दोनदा चुकून तिसऱ्यांदा शिकली. दोन थेंब घ्या, पर घ्या. न्हाई तर माझं परीक्षेतून नाव काढा."

 शेवटी एवढंच ठरलं की तिच्याकडून लहान सिरिंजनंच घ्यायचं. पण त्या दिवसापासून वर्गात एक बदल झाला, तो कुणी ठरवला नव्हता. तिच्या शिरेला सुई लावताना सगळा वर्ग गप्प व्हायचा. आणि मग ती सवय सगळ्यांनाच लागली. कुणाचाही हात असो, तो हात पहिल्यासारखा कुणी धरेना. जणू हिच्या निमित्तानं सगळ्यांच्याच रक्ताची किंमत वाढली होती.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. हे आईबापाकडून येतं, भावंडांत आणखी कुणाचं असू शकतं, बघून घ्या. तिला धाकटा एक भाऊ आणि थोरली एक बहीण. भाऊ देगलूरहून आला. त्याचा गट साधा बी निघाला. थोरलीला ती आपा म्हणायची. आपा लातूरला दिलेली, नवरा डाळमिलमध्ये कामाला, आणि तिला सातवा महिना चालू होता.

आम्ही दोघी एका रविवारी एसटीनं लातूरला गेलो. लोहा, अहमदपूर, चाकूर, प्रत्येक स्टँडवर ती उतरून पाणी प्यायची. तेव्हा मला कळलं की ती घाबरली आहे. आपानं आमच्यासाठी खिचडी आणि चिंचेचा खट्टा करून ठेवला होता. दवाखान्याचं कार्ड दाखवलं. त्यावर ओ पॉझिटिव्ह लिहिलेलं. नेहमीच्या तपासणीत तेवढंच दिसतं, कुणाची चूक नाही. हिचंही आम्ही पहिल्यांदा तसंच लिहिलं होतं.

जेवण झाल्यावर हिनं पट्टा काढला आणि आपाच्या दंडाला बांधला. सुई हातात घेतली. एका टोच्याची ती पोर, आणि तिचा हात कापत होता.

"तू काढ," तिनं सुई माझ्याकडं दिली.

आपा हसली. "इतने साल झगडा किया मेरे से, आता हात कापतोय व्हय गं तुझा?"

मी काढलं. नळी मुठीत धरून आम्ही दुपारच्याच गाडीनं नांदेडला परतलो. सोमवारी सकाळी तपासलं. माझे कण आपाच्या सीरममध्ये टाकले. नळी तिरकी केली. तळाशी लाल गोळी.

ती रडली नाही. तेलुगूत काहीतरी मोजल्यासारखं पुटपुटली आणि म्हणाली, "म्हंजे दोघी झालो."

मग सगळं सरांनी हातात घेतलं. लातूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला, कागद पाठवला. बाईंनी आपाच्या केसपेपरवर लाल शाईनं मोठ्या अक्षरात गट लिहिला. असं ठरलं की बाळंतपणाच्या आधी दहा-एक दिवस धाकटीनं एक पिशवी द्यायची आणि ती रक्तपेढीत नावानं राखून ठेवायची. रक्त द्यायला लागतं तेवढं तिचं वजन जेमतेम भरत होतं. दोन महिने मी तिला खजूर, पालक, केळी, अंडी चारत होते. माझ्या बापानं कधी न पाहिलेल्या त्या पोरीसाठी मुदखेडच्या पॅसेंजरनं केळीचा घड पाठवला. सोबत निरोप, "रक्त सांडणाऱ्या शाळेतल्या पोरीला."

पिशवी द्यायच्या दिवशी सरही लातूरला आले. रक्तपेढीतले टेक्निशियन सरांचेच जुने विद्यार्थी. ते सुई घेऊन पुढं झाले तर ही म्हणाली, "हिला टोचू द्या. हिला माझी शीर पाठ हाय."

त्यांनी सरांकडं पाहिलं. सरांनी मान डोलावली. पिशवीची सुई जाड असते, सरावाच्या सुईच्या दुप्पट दिसते. मी तिच्या हाताकडं पाहिलं. गेले चार-पाच महिने मी त्या हातावर शिकत होते. पहिल्यांदा जिथं चुकले ती जागाही मला दिसत होती. मी टाका जिथं पडायचा तिथं पाहिलं. लाल रेघ नळीतून पिशवीकडं धावली. पिशवी भरत गेली तसं मी खालून हात लावून पाहिला. गरम होती. दहाबारा मिनिटांत ती भरली. तिकडं आपा, इकडं ही, आणि मध्ये माझ्या तळहातावर ती पिशवी. 

आपाला बरोबर दहाव्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. आम्ही दोघी आदल्या दिवशीच लातूरला पोचलो होतो. अकराच्या सुमारास मुलगी झाली. मोठ्यानं रडली. आम्ही बाहेर एकमेकींना मिठी मारली. आणि अर्ध्या तासात आतून नर्स धावत आली. रक्तस्राव थांबत नव्हता.

राखून ठेवलेली पिशवी लावली. औषधं दिली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मास्क खाली ओढला. "थांबतंय हळूहळू. पण बरंच गेलंय. अजून एक पिशवी लागेल."

हिनं तिथल्या तिथं बाही वर केली.

"दहाच दिवस झालेत," बाई म्हणाल्या. "नाही."

"मला काय होत न्हाई."

"तुला पाडून तिला उभी करायची का? नाही म्हणजे नाही."

दवाखान्यात माणसं पुष्कळ होती. आपाच्या नवऱ्याचे डाळमिलमधले आठ-दहा जण आले होते, सगळे बाह्या सारून तयार. सगळे चांगले धडधाकट. त्यातल्या एकाचंही चालणार नव्हतं. माझंही नाही. मी सगळ्यांना चालणारी बाई, भिंतीला टेकून उभी होते.

नांदेडहून सर फोन करत होते. अशा गटाच्या लोकांची यादी असते, ती उघडून एकेकाला. एक जण पुण्यात होता. एक आजारी. तिसऱ्यानं उचलला. किल्लारीच्या बाजूचा माणूस, साखर कारखान्यात कामाला. सरांनी आम्हाला सांगितलं, "निघालाय तो. दीड-दोन तास लागतील."

त्या दोन तासांचं मला फारसं काही आठवत नाही. ही जमिनीवर बसून होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. एवढंच आठवतं की बाळाला एकदा बाहेर आणलं आणि हिनं त्याला घेतलं नाही. "आपाला घेऊ दे आधी," म्हणाली.

दोनच्या पुढं जिन्यावरून एक माणूस वर आला. चाळिशीचा, उंच, कारखान्याचा खाकी शर्ट, अंगाला मळीचा वास. किल्लारीहून जीप, औशाला दुसरी जीप, स्टँडवरून रिक्षा. दम लागलेला. त्यानं कोण, काय, कुणासाठी असं काही विचारलं नाही. पहिला शब्द त्याचा,

"कुठं झोपू?"

त्याला पाणी दिलं, थोडा बसवला, तपासलं, मग रक्त घेतलं. पलंगावर पडल्या पडल्या त्यानं मूठ उघडझाप करत आम्हाला सांगितलं. काही वर्षांपूर्वी मशीनमध्ये त्याचा पाय अडकला होता. कुणाचंच रक्त जुळेना. "माझ्या टायमाला एक बाई आल्ती, सोलापूरकडून. रक्त दिलं अन् गेली. नाव बी विचारायचं राहिलं बघा." मग थोडं थांबून, "म्हनून मी फोन उशाला ठेवतो."

पिशवीच्या बाकीच्या तपासण्या चालू असताना जुळणी बघायची होती. आपाचं सीरम आणि त्या माणसाचे कण. टेक्निशियननी नळी यंत्रात फिरवली, बाहेर काढली आणि आम्हा दोघींच्या पुढं धरली. "तुम्हीच वाचा."

हिनं नळी घेतली. दोन बोटांत धरून हळूहळू तिरकी केली.  गोळीची कड सैल झाली. मग सगळं लाल हळूच सुटलं आणि वर आलं, धुक्यासारखं, एकसारखं. एक दाणा नाही. गुळगुळीत.

गेल्या काही महिन्यांत आपाच्या सीरममध्ये आम्ही कितीतरी जणांचे कण टाकले होते, माझे, सरांचे, आपाच्या नवऱ्याचे, भावाचे. सख्ख्या भावाचेही फाटले होते. आणि हा माणूस, ना नात्याचा, ना गावचा, ज्याची भाकरी वेगळी, सण वेगळे, त्याचं रक्त तिच्या रक्तात पाण्यात पाणी मिसळावं तसं गेलं. मी काचेकडं बघतच राहिले. मी देवाधर्माची फार नाही. पण तेव्हा माझे हात आपोआप जुळले होते, असं ही अजून मला चिडवते.

पिशवी लावल्यावर आम्हाला दाराशी उभं राहू दिलं. आपाचे ओठ सकाळपासून राखेच्या रंगाचे होते. तासाभरात ते आधी फिके आणि मग, अगदी हळूहळू, ओठांच्या रंगाचे झाले. तिनं डोळे उघडले आणि बहिणीला म्हणाली, "भूक लागली." तेव्हा ही रडली. दिवसभराचं सगळं एकदम.

तो माणूस चहा-बिस्किट घेऊन निघाला. आपाच्या नवऱ्यानं त्याच्या हातात तूरडाळीची पिशवी द्यायचा खूप प्रयत्न केला. त्यानं घेतली नाही. पोरगी दाखवा म्हणाला. पाहिली, गालाला बोट लावलं आणि गेला. बाळाला कावीळ वगैरे होते का ते बघायला दोन दिवस जास्त ठेवून घेतलं. काही झालं नाही. तिचा गट बी निघाला, बापाचा. ती आता शाळेत जाते.

मी आज लातूरलाच एका लॅबमध्ये आहे. सकाळपासून दुपारपर्यंत हातच हात. शेतकऱ्यांचे, शिक्षकांचे, ट्यूशनच्या पोरांचे, म्हाताऱ्यांचे. घाई असते, ओरडाआरडा असतो. तरी नळी भरली की मी ती क्षणभर मुठीत धरते. माझ्या सहकाऱ्यांना वाटतं, ही नळी हलवून घेते. मी ऊब बघत असते. एवढ्या वर्षांत त्याचं नवल कमी झालेलं नाही.

जोडीदारीण नांदेडला रक्तपेढीत नोकरीला आहे. तिचं नाव त्या यादीत आहे. मागच्या महिन्यात सकाळी आठलाच तिचा फोन आला. मागं गाडीचा आवाज, कंडक्टरचं ओरडणं.

"कुठं गं?" मी विचारलं.

"बिदरला निघून राहिले. एका म्हातारीचं ऑपरेशन हाय. फोन आल्ता."

"ओळखीची हाय का?"

"न्हाई गं," ती म्हणाली. "आपल्यातली हाय."